लॅब्राडॉर आणि श्रावकाचे घर



पर्युषणाच्या दिवसांत रोह्याचे एक स्नेही उपाश्रयात भेटले. रोह्याच्या बाजारपेठेत त्यांचे किराणा मालाचे जुने दुकान आहे आणि दुकानाच्या वरच राहते घर आहे. व्याख्यान आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले व म्हणाले, ''भाई, नातवाने हट्ट धरला आहे. त्याला लॅब्राडॉर हवा आहे. मुलगा आणि सून राजी आहेत. माझेच मन होत नाही. हे कुत्रे मुळात शिकारीचे, असे ऐकतो. आपल्या घरात ते आणावे का? सदरात एकदा यावर लिहा.''

प्रश्न वरवर लहान आहे. परंतु उत्तर लिहावयास मला दोन महिने लागले. त्याचे एक कारण असे की, या प्रश्नाचे काही उत्तर आपल्या सूत्रांत आहे, काही प्राणिशास्त्रात आहे आणि काही पेणच्या माझ्या स्वतःच्या घरात घडलेल्या एका चुकीत आहे. ती चूक मी आजवर लिहिली नव्हती.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. लॅब्राडॉरचे पूर्वज कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर राहत. गळातून निसटलेली मासळी पकडणे, थंडगार पाण्यातून जाळ्यांचे दोर ओढून आणणे, ही त्यांची कामे होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यापारी गलबतांतून हे कुत्रे इंग्लंडला आले. तेथे माम्सबरीचे अर्ल आणि स्कॉटलंडमध्ये बक्लूचे ड्यूक यांच्यासारख्या जमीनदारांनी त्यांची पैदास केली व त्यांना पक्ष्यांच्या शिकारीत कामाला लावले. 1903 मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने या जातीला स्वतंत्र मान्यता दिली. तेव्हा रोह्याच्या आजोबांची शंका खोटी नाही. हा वंश बंदुकीच्या छंदातून घडला आहे.

मात्र त्या शिकारीत या कुत्र्याचे नेमके काम काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पाठलाग करणे किंवा लचका तोडणे त्याने करावयाचे नसे. मालकाशेजारी शांत बसावे, पक्षी कोठे पडला हे लक्षात ठेवावे, सांगितल्यावर पाण्यातून व लव्हाळ्यांतून तेथवर जावे आणि तोंडात धरून, दाताची खूण न उमटवता, तो मालकाच्या हाती आणून द्यावा. या जातीच्या नावातील 'रिट्रीव्हर' या शब्दाचा अर्थच आणून देणारा असा आहे. जो पिल्लू चावे, जो अधीर होई, त्याचा वंश पुढे चालवला जात नसे. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या निवडून मऊ तोंड, धीर आणि माणसाला प्रसन्न करण्याची ओढ हे तीन गुण त्याच्या रक्तात उतरले. हिंसा बंदूक धरणाऱ्या हाताची होती. त्या मुक्या जीवाच्या वाट्याला जपून आणण्याचे काम आले.

याच गुणाचा उपयोग जीव वाचवण्यासाठी झाल्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. मार्च 1993 मध्ये मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे उतरवण्यात आले होते. पुढे मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातील 'जंजीर' नावाच्या लॅब्राडॉरने मुंबई व ठाणे परिसरात दडवलेला स्फोटकांचा साठा शोधून देण्यात मोलाचे साहाय्य केले. त्याच्या नावावर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स आणि शेकडो हातबॉम्ब नोंदले गेले. नोव्हेंबर 2000 मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. 2008 च्या नोव्हेंबरमधील हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काम केलेला 'सीझर' हाही लॅब्राडॉरच. निवृत्तीनंतर तो आणि त्याचे सोबती विरारच्या एका शेतघरात राहिले व 2016 मध्ये एकामागोमाग एक गेले. वास घेणे आणि माणसाला कळवणे एवढेच या प्राण्यांना ठाऊक होते. त्या विद्येतून शिकार करावयाची की रक्षण, हे ठरवणारा माणूस होता.

कुत्र्याविषयी आपल्या परंपरेत केवळ दूर राहण्याचीच शिकवण आहे, असेही नाही. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानी नवकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्षगतीला गेला, ही कथा दिगंबर परंपरेत लहानपणापासून सांगितली जाते. 1832 मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला व इतर समाजांच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून त्यांना साथ दिली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेदजी जीजीभाई आणि त्यांच्या बरोबरीच्या शेठ मंडळींच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. म्हणून केवळ 'शिकारी जात' या कारणासाठी त्या प्राण्याला दार बंद करावे, असे मला वाटत नाही. खरी परीक्षा घराची आहे.

आता स्वभावाविषयी. लॅब्राडॉर लहान मुलांशी सहसा सौम्य वागतो, पाहुण्यांवर चटकन विश्वास टाकतो आणि घरातील आजी-आजोबांच्या पायाशी तासन्‌तास बसतो. पण ज्यांना दुकानाची किंवा वखारीची राखण हवी आहे, त्यांची निराशा होईल. चोर आला तर तो शेपूट हलवून त्याला वखार दाखवील. पहिली दोन-तीन वर्षे त्याचे अंग मोठे आणि बुद्धी पिल्लाची असते. तीस किलोंच्या आसपासचा हा प्राणी प्रेमाने अंगावर झेपावला, तर लहान मूल व म्हातारे माणूस दोघेही पडू शकतात. त्याला तोंडात काहीतरी धरण्याची उपजत गरज असते. तुम्ही त्याला चेंडू दिला नाही, तर तो वहाण, चोपडी किंवा सामायिकाचे कटासणेही उचलील. त्यात खोडी नसते, स्वभाव असतो. रोज एक ते दोन तासांचा व्यायाम त्याला लागतो. त्याचे केस वर्षभर गळतात; ते जेवणघरात व पूजेच्या कपड्यांवर येऊ द्यावयाचे नसतील, तर घराची रचना आधी ठरवावी लागते.

त्याची भूक हा स्वतंत्र विषय आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरांत एका जनुकाचा बारीकसा तुकडा गळालेला असतो व त्यामुळे पोट भरल्याची जाणीव मंदावते. म्हणजे ते करुण डोळे दर वेळी खऱ्या उपासमारीचे नसतात. आपल्या घरांत येणारा-जाणारा प्रत्येक जण दयेपोटी एक बिस्किट टाकतो, आणि ती दया त्या प्राण्याच्या कमरेच्या सांध्यांवर जाऊन बसते. या जातीत खुब्याचे दुखणे मुळातच अधिक. त्यात वजन वाढले की पाचव्या-सहाव्या वर्षी जिना चढणे अवघड होते.

कोकणचे हवामान त्याला सोपे नाही. त्याची केसाळ कातडी थंड समुद्रासाठी घडली आहे, दुहेरी आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत तेही नीट साधत नाही. चैत्र-वैशाखात सकाळी लवकर व संध्याकाळी उशिरा फिरवणे, दुपारी पंखा व गार फरशी, एवढे हवेच. पेण-रोह्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लॅब्राडॉरला पाण्याचे वेड असते. कुंडलिकेचा काठ किंवा भातखाचर दिसले की तो उडी घेणारच. पण पावसाळ्यातील साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात आणि तो आजार कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. रेबीजबरोबर त्याचीही लस दरवर्षी टोचून घ्यावी लागते.

पावसाळ्यानंतरचा दुसरा शत्रू म्हणजे गोचीड. येथे श्रावकाचे मन अडखळते, कारण गोचीड हाही जीवच. औषध लावले की तो मरतो. न लावले तर गोचीडतापाने कुत्रा मरतो. हा दोष सर्वस्वी टळत नाही, जयणेने कमी होतो. अंथरूण कोरडे ठेवणे, फिरवून आणल्यावर रोज हाताने अंग तपासणे, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने पाऊस सुरू होण्यापूर्वीच प्रतिबंधक औषध देणे, म्हणजे अंगावर व घरात जीवोत्पत्तीच होऊ नये. ज्यांना हा विचारच सहन होत नाही, त्यांनी कुत्रा आणू नये. त्यात कमीपणा नाही.

आहाराचा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. मांजर मांसाहारावाचून निरोगी राहणे फार कठीण. कुत्र्याचे तसे नाही. माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याला धान्यातील पिष्ट पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक आली, हे 2013 मध्ये जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. त्यामुळे योग्य प्रथिने व जीवनसत्त्वे यांचा मेळ घातलेला शाकाहारी आहार त्याला चालू शकतो. तसे तयार खाद्य बाजारात मिळते. मात्र केवळ दूध-पोळी किंवा वरण-भात म्हणजे समतोल आहार नव्हे. पिल्लाच्या वाढीच्या काळात तर पशुवैद्याचा सल्ला व वर्षातून एकदा रक्ततपासणी आवश्यकच. आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण नसतो, हे त्याच्या पथ्यावरच पडते, कारण ते दोन्ही त्याला अपायकारक आहेत. पण द्राक्षे आणि मनुकाही त्याला विषासारख्या बाधू शकतात, त्यामुळे शिऱ्यातील मनुका व मुलांच्या हातचे चॉकलेट त्याच्यापासून दूर ठेवावे. सूर्यास्तापूर्वी त्याचे दुसरे जेवण उरकणे सहज जमते. मात्र आपल्या आयंबिल-उपवासात त्याला ओढू नये. पच्चक्खाण स्वेच्छेने घ्यावयाचे असते. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्यावर लादलेला उपवास तप ठरत नाही.

आता माझ्या घराची गोष्ट सांगतो.

वीस वर्षांपूर्वी धाकट्या मुलाच्या आग्रहाने आम्ही एक पिवळा लॅब्राडॉर आणला. जेमतेम सव्वा महिन्याचे पिल्लू, पैसे मोजून घेतलेले. नाव मोती. पहिले चार महिने घरभर कौतुक झाले. पुढे तो वाढला, गिऱ्हाइके बिचकू लागली, सोवळ्याची अडचण होऊ लागली आणि मोतीची रवानगी तांदळाच्या वखारीमागील पडवीत झाली. गळ्यात साखळी होती. सकाळी नोकर पोळ्या घालत असे, दिवसभर हमाल बिस्किटे टाकत. त्याचे वजन वाढत गेले आणि मी लोकांना अभिमानाने सांगत असे की, आमच्याकडे त्याला कशाची कमतरता नाही.

मी वखारीत गेलो की, तो बारदानाचा एखादा तुकडा तोंडात धरून साखळी ताणून उभा राहत असे. मला वाटे, हा खेळतो आहे. किल्ल्या घेऊन मी पुढे जात असे. आणलेली वस्तू माणसाने हाती घ्यावी, यासाठीच हा वंश घडला आहे, हे मला फार उशिरा वाचनातून कळले. तो रोज काहीतरी देऊ पाहत होता आणि घेणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो मंदावला. जाडीमुळे असेल, असे मी म्हणालो. दोन दिवस त्याने पोळी सोडली, तरी मी सण संपण्याची वाट पाहिली. लॅब्राडॉर अन्नाला तोंड लावत नाही, याचा अर्थ त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे, हे आज मी शपथेवर सांगेन. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तेव्हा त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. गोचीडताप होता. तो वाचला नाही. तीन वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्या वर्षी संवत्सरी प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणताना पहिल्या व्रताच्या पाच अतिचारांपाशी माझा आवाज थांबला. वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपानविच्छेद. आजवर मला ही बैलगाडीच्या काळातील यादी वाटत असे. बंध म्हणजे मोतीची साखळी होती. अतिभार म्हणजे केवळ पाठीवरची गोणी नव्हे. मी कौतुकाने त्याच्या सांध्यांवर चढवलेले वजनही तेच होते. भक्तपान मी तोडले नव्हते. पण ज्या सोबतीवर तो जगत होता, ती तोडली होती. मी त्याला कधी मारले नाही, याच समाधानात मी राहिलो होतो.

त्याच सूत्रात पंधरा कर्मादानांचाही उल्लेख येतो. आपण व्यापारी माणसे, म्हणून ती यादी आपल्याला अधिक लागू. केशवाणिज्य म्हणजे सजीव प्राण्यांचा व्यापार, आणि असतीपोषण म्हणजे हिंसक प्राणी उपजीविकेसाठी पाळणे, असा अर्थ आचार्यांनी सांगितला आहे. पैशासाठी एकाच मादीला वर्षानुवर्षे विण्यास लावणारा जो धंदा आहे, तो आपल्या मागणीवर चालतो. अमेरिकेत 1991 पासून सलग 31 वर्षे लॅब्राडॉर ही सर्वाधिक नोंदणीची जात होती. लोकप्रियतेबरोबर पैदाशीचा बाजारही वाढतो. आपल्या देशात 2017 च्या नियमांनुसार पैदासकाराने नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. माझा मोती सव्वा महिन्याचा होता. आईपासून त्याला इतक्या लवकर तोडण्यात माझाही वाटा होता, हे आज मला दिसते.

म्हणून माझे मत असे की, आणावयाचाच तर विकत घेऊ नये. मुंबई-पुण्यात घर बदलले, बाळ झाले किंवा परदेशी जावयाचे ठरले, म्हणून चार-पाच वर्षांचे लॅब्राडॉर लोक सोडून देतात. प्राणिसेवी संस्थांकडे असे कुत्रे नव्या घराची वाट पाहत असतात. त्यांचा धिंगाणा संपलेला असतो, स्वभाव कळलेला असतो, आणि व्यापारी घराला पिल्लापेक्षा ते अधिक झेपतात. हेही जमणारे नसेल, तर आपल्या गल्लीतील गावठी कुत्रा आहेच. कोकणच्या हवेत तोच खरा टिकणारा आहे.

रोह्याच्या माझ्या स्नेह्यांनी एक हिशेब मांडावा. लॅब्राडॉर दहा ते बारा वर्षे जगतो. आज दहा वर्षांचा असलेला नातू अठराव्या वर्षी शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला जाईल. त्यानंतर त्याला सकाळ-संध्याकाळ कोण फिरवणार? दुकान सकाळी नऊला उघडून रात्री साडेआठला बंद होते. मधल्या वेळेत वरच्या मजल्यावर त्याच्याजवळ कोण असणार? यात्रेला किंवा लग्नाला सारे घर गेले, तर त्याला कोण ठेवून घेणार? दरमहा आहार व औषधांचा खर्च कोणत्या खात्यावर पडणार? दुकानात नवे खाते उघडताना आपण याहून कमी प्रश्नांवर थांबत नाही. येथे तर एका संज्ञी पंचेंद्रिय जीवाचे सारे आयुष्य आपल्या पेढीवर ठेव म्हणून येत आहे.

या चार प्रश्नांची उत्तरे घरातील माणसांच्या नावांनिशी देता आली, तर लॅब्राडॉरसारखा प्रेमळ सोबती दुसरा मिळणे कठीण. मुलांना जीवदया पाठशाळेत शब्दांनी कळते. रोज पाण्याचे भांडे भरताना ती हाताला कळते. उत्तरे देता आली नाहीत, तर नातवाला समोर बसवून 'आत्ता नाही' असे सांगावे आणि त्याचे कारणही सांगावे. तो नकारसुद्धा अहिंसेचाच एक पाठ होईल.

आणि ज्यांच्या घरी असा प्राणी आधीच आहे, त्यांना एवढीच विनंती. आज संध्याकाळी दुकानातून घरी गेल्यावर तो तोंडात जे काही धरून समोर उभा राहील, जुना मोजा असो वा बारदानाचा तुकडा, ते क्षणभर थांबून त्याच्या तोंडातून हातात घ्या. मला ते जमले नाही.

मिच्छा मि दुक्कडम्.